पंचेचाळिशीत पुन्हा कॉलेज: आधी कागद, मग घड्याळ, मग पुस्तक

माझ्या बारावीच्या मार्कशीटवर एक नाव आहे, आधारवर दुसरं, आणि बँकेच्या पासबुकावर त्या दोघांचं कडबोळं. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधल्या जागी कुठे वडील तर कुठे नवरा, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्तीचा. २०२२ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.ए.ला प्रवेश घ्यायला निघाले, तेव्हा धास्ती होती ती अभ्यासाची. अडकले त्या ‘ए’वर. तो निस्तरेपर्यंत त्या वर्षीची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालं, आणि आता नागपुरातल्याच एका कॉलेजात एम.ए. मराठीला रोज वर्गात बसते. नोकरी पतसंस्थेत, घर मानेवाड्याला. अधूनमधून कुणाची तरी वहिनी, कुणाची मावशी फोन करते: “ताई, तुम्ही कसं केलं?” प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढते आहे. मोठ्या वयात कॉलेजचं पहिलं सत्र प्रवेशाच्या चार महिने आधीच सुरू होतं. जुलैत प्रवेश हवा असेल तर मार्चमध्ये कामाला लागा.

कशासाठी शिकायचं आहे?

हा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा राग येतो. (“आता काय करून राहिल्या काकू शिकून?”) पण स्वतःला तो विचारावाच लागतो, कारण कुठे प्रवेश घ्यायचा हे त्यावरच ठरतं.

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर आधी वय मोजा. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत कमाल वय साधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. काही गटांना वेगळ्या सवलती आहेत, पण पंचेचाळिशीत बी.ए. करून तलाठी होऊ असं कुणी मनात धरलं असेल तर त्याला वेळीच सांगितलेलं बरं. आधीच सरकारी नोकरीत असाल आणि बढतीसाठी पदवी हवी असेल, तर प्रवेशाआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. पदवी हातात आल्यावर तिची सेवापुस्तकात नोंद करायला गेलात की पहिल्यांदा तोच कागद मागतात.

शिकवायचं असेल तर बातमी चांगली आहे. नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा देऊन सहायक प्राध्यापक होण्यासाठी कमाल वयाची अट नाही. ती आहे जेआरएफ या फेलोशिपला. मात्र एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गात ५०. वकिली करायची असेल तर पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिलाही वरची वयोमर्यादा नाही. पदवीला खुल्या प्रवर्गातून ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. माझ्या ओळखीतले एक निवृत्त फौजदार एकसष्टाव्या वर्षी ती सीईटी देऊन आले आणि महिनाभर घरात फक्त कलमांच्या भाषेत बोलत होते.

आणि यातलं काहीच नसेल, नुसतं मनात राहून गेलं असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. फक्त मग ‘स्कोप’ असलेला विषय घेऊ नका. आवडीचा घ्या. रात्री साडेदहाला झोप झटकून पुस्तक उघडायचं तर स्कोप उपयोगी पडत नाही.

मुक्त की नियमित?

नागपुरात दोन मुक्त विद्यापीठांची दारं जवळ आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे नाशिकचं, १९८९ पासूनचं. त्याचं विभागीय केंद्र नागपुरात आहे आणि अभ्यासकेंद्रं शहरातल्या आणि तालुक्याच्या कॉलेजांत चालतात. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ चं, त्याचंही प्रादेशिक केंद्र इथेच आहे. दोघांत निवडताना बहुतेक जण फी बघतात. मी म्हणेन, आधी भाषा बघा. चव्हाण विद्यापीठाची पुस्तकं मराठीत मिळतात, इग्नूचं साहित्य मुख्यत्वे इंग्रजी-हिंदीत. वीस वर्षांनी अभ्यासाला बसल्यावर विषय समजून घ्यायचा आणि त्यातच भाषेशीही झगडायचं, हे दुहेरी ओझं असतं. इंग्रजी सुधारायचंच असेल तर ते वेगळं करा. इग्नूची सोय अशी की प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, असतात. म्हणजे एक गाडी चुकली तरी वर्ष जात नाही. इग्नूत साधारण ३० टक्के गुण घरून लिहायच्या स्वाध्यायांना असतात आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला. स्वाध्याय वेळेत दिला नाही तर निकाल लटकतो; परीक्षा उत्तम जाऊनही लटकलेले मी पाहिलेत.

मुक्त विद्यापीठाची पदवी ‘कमी’ असते, असं अजून लोक म्हणतात. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. यातला ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द अधोरेखित करा. दूरस्थ अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोची मान्यता त्या त्या वर्षासाठी आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं. विधी, अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीनं चालवायला परवानगीच नाही. “घरबसल्या एलएल.बी.” अशी पाटी दिसली तर तिथून सरळ पुढे जा. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी काढते. तीत महाराष्ट्रातलं जे नाव वर्षानुवर्षं दिसत आलं, त्याच्यापुढे पत्ता आपल्याच नागपूरचा आहे.

नियमित कॉलेजचं गणित वेगळं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजात बी.ए., बी.कॉम.ला वय आड येत नाही, हजेरी येते. ७५ टक्के उपस्थितीचा नियम कागदावर सगळीकडे आहे. कोण किती पाळतं, हे प्रवेशाआधी त्या विभागातल्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा. सकाळच्या पाळीची कॉलेजं नोकरदारांना सोयीची पडतात. मी एम.ए.साठी सात ते अकराचे वर्ग असलेलं कॉलेज शोधलं आणि पतसंस्थेत साडेअकराला हजर व्हायची सवलत लेखी घेतली. तोंडी सवलत साहेब बदलला की संपते.

नियमित वर्गातून जे मिळतं ते मात्र मुक्त विद्यापीठात मिळत नाही. बी.ए.ची तीन वर्षं मी एकटीनं वाचलं. एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात एका कवितेवरून बाविशीतल्या दोन पोरी आणि मी असा वाद रंगला की चहा थंड झाला. मला जमत असेल तर मी नेहमी वर्गच निवडेन. जमत नसेल तर मुक्त. त्यात कमीपणा नाही.

बारावीच झालेली नसेल तर

राज्य मंडळाचा ‘सतरा नंबर फॉर्म’ भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीला बसता येतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि जवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं. विभागीय मंडळाचं कार्यालय नागपुरातच असल्यानं शंका असेल तर जाऊन विचारता येतं. दुसरा रस्ता एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेचा. तिथे विषय निवडायला मोकळीक जास्त आहे आणि गणिताला घाबरणाऱ्यांना ती फार कामाची आहे.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक फाइल घ्या. त्यात दहावी आणि बारावीच्या मार्कशीट, शेवटच्या कॉलेजचा टीसी, आधार, लग्न झालेल्या बायकांसाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर, आणि फोटो. आता सगळे कागद पलंगावर ओळीनं मांडा आणि फक्त नाव वाचत जा. मराठीतलं आणि इंग्रजीतलं, अक्षर न् अक्षर. जन्मतारीखही. जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलीनं खूण करा.

हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय. २०२४-२५ पासून मुक्त किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर आधी दोन क्रमांक काढावे लागतात. एक एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांकांची (क्रेडिट्सची) बँक. दुसरा डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या त्याच दूरशिक्षण ब्यूरोचा. एबीसी आयडी आधारवरून, डिजिलॉकरमधून निघतो आणि डीईबी आयडी त्या एबीसी आयडीवरून. म्हणजे आधारवर जे नाव आहे तेच पुढे सगळीकडे पाझरत जातं. माझ्या वेळी डीईबी आयडी नव्हता. गेल्या वर्षी नणंदेचा फॉर्म भरताना त्याच्याशी गाठ पडली. आधारवर तिचं नाव सासरचं, बारावीवर माहेरचं. फॉर्म पुढे सरकेना.

अशा वेळी रस्ते दोन. पहिला: शिक्षणापुरतं मार्कशीटवरचं नाव कायम ठेवायचं आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करायचं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधीचा बदल लग्नानंतर झाला असेल तर हाती एकच संधी उरलेली असते. शिवाय आधार बदललं की बँक, पॅन, गॅस सगळीकडे पळापळ. दुसरा, आणि बहुतेकींना सोयीचा: आजचं नाव ठेवायचं आणि राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज होतो. जुन्या नावाचा पुरावा, नव्याचा पुरावा आणि विवाह प्रमाणपत्र लागतं. जुनी मार्कशीट आहे तशीच राहते. तिच्यामागे राजपत्राची प्रत कायम जोडायची. मी राजपत्राच्या पंधरा प्रती काढून ठेवल्या होत्या, बारा संपल्या.

विवाह नोंदणीच नसेल तर? आमची नव्हती. आमच्या पिढीत पत्रिका आणि फोटो हाच पुरावा. नागपूर महानगरपालिकेची दहा झोन कार्यालयं आहेत, तुमच्या भागाच्या झोनमध्ये नोंदणी होते. लग्नानंतर ९० दिवसांत करायची असते, पण नंतरही दंड भरून होते. तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. आमचे गुरुजी केव्हाच वारले होते. त्याऐवजी प्रतिज्ञापत्र दिलं. चोवीस वर्षांनी आम्ही दोघं नवरा-नवरी म्हणून बाकावर बसलो होतो आणि शेजारी परवाच लग्न झालेलं जोडपं आमच्याकडे कौतुकानं बघत होतं.

टीसी हरवला असेल तर ज्या कॉलेजातून शिक्षण सोडलं तिथेच दुय्यम प्रत मिळते. हरवल्याची पोलिसांत नोंद करून तिची प्रत जोडावी लागू शकते. तिथला बाबू “जुनं रजिस्टर सापडत नाही” म्हणेल. प्रवेशाचं वर्ष, शाखा, आणि शक्य असेल तर जुना ओळखपत्र क्रमांक किंवा रोल नंबर घेऊन जा. वर्ष सांगितलं की रजिस्टर लवकर सापडतं, हा स्वानुभव आहे. जून-जुलैत मुळीच जाऊ नका, प्रवेशाची झुंबड असते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी अकराला जा.

शिक्षणातल्या खंडाबद्दल ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतात. अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्यात असतं. स्टॅम्प पेपर घ्यायला धावण्याआधी कॉलेजला विचारा की साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालेल का. बऱ्याच ठिकाणी चालतं. बारावी दुसऱ्या बोर्डाची असेल, म्हणजे छिंदवाडा-शिवनी-बालाघाटकडून लग्न होऊन आलेल्या बायकांची असते तशी मध्य प्रदेशची, तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते तिकडून आणायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी तोच अर्ज टाका.

अर्धवट सुटलेल्या पदवीचं काय?

माझी बी.ए.ची दोन वर्षं नागपूर विद्यापीठात १९९८ पर्यंत झाली होती. ती वापरता येतील का म्हणून मी बरेच उंबरे झिजवले. उत्तर निराशेचं होतं. तेव्हाचा वार्षिक अभ्यासक्रम गेला, मग सत्र पद्धत आली, आता नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. अलीकडे, चार-पाच वर्षांपूर्वी सोडलं असेल तर विद्यापीठात ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’बद्दल जरूर विचारा, जुन्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्याला नव्यात कुठे बसवायचं याचे आदेश निघत असतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या दोन वर्षांच्या मागे लागून तिसरं वर्ष वाया घालवू नका. मी चार महिने घालवले.

जुनी मार्कशीट काढायची असेल तर ती कुठे मिळेल, यातही लोक चुकतात. नागपूर विद्यापीठ १९२३ चं आणि त्याचा पसारा एके काळी फार मोठा होता. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये वेगळं झालं, गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये. म्हणजे चंद्रपूरच्या कॉलेजातून २००५ मध्ये परीक्षा दिली असेल, तर गडचिरोलीला जाण्याआधी नागपुरात चौकशी करा. परीक्षा नागपूर विद्यापीठानं घेतलेली होती.

नव्या रचनेत एक गोष्ट मात्र आपल्यासारख्यांच्या फायद्याची आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स पदवी. मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मुलीचं बाळंतपण आलं, तर केलेलं वाया जात नाही. श्रेयांक एबीसी खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. चौथं वर्ष ऐच्छिक आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह वगैरे नावं ऐकून गांगरू नका. शेजारच्या बाकावरच्या पोट्ट्यांनाही ती दिवाळीपर्यंत कळलेली नसतात.

पैसे

मुक्त विद्यापीठाची फी नोकरदार घराला झेपणारी असते. खर्च होतो तो झेरॉक्स, प्रवास आणि परीक्षा शुल्कात. प्राप्तिकराबद्दल एक गैरसमज इथेच सोडवते. मुलांच्या शिकवणी शुल्कावर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते, स्वतःच्या फीवर ती मिळत नाही. स्वतःच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावर जुन्या पद्धतीत आठ वर्षांपर्यंत वजावट आहे.

एलएल.बी.सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या बायकांनी एक विचारावंच. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन “मला लागू होईल का?” एवढं विचारा. खिडकीतली व्यक्ती हसली तर हसू द्या.

रेल्वेची विद्यार्थी सवलत साधारणपणे पंचवीस वर्षांपर्यंत, ती विसरा. पण काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्या बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, त्याला पास लागत नाही. ६५ वरच्या पुरुषांनाही अर्धं, ७५ नंतर सगळ्यांना मोफत.

घड्याळ

मुक्त विद्यापीठांच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा पेपर १२० तासांचा. सत्राला २० श्रेयांक धरले तर ६०० तास, म्हणजे सहा महिने दर आठवड्याला तेवीस तास. नोकरी आणि घर सांभाळून हे जमणार नाही, मलाही जमलं नाही. माझ्या हाती आठवड्याला बारा तास लागायचे आणि तेवढ्यात बऱ्यापैकी मार्कांनी पास झाले. पण ते बारा तास ठरलेले होते. पहाटे पाच ते साडेसहा, आठवड्यातून पाच दिवस. आणि रविवारी दुपारी वाचनालयात साडेचार तास. “वेळ मिळेल तसं वाचू” म्हटलं की वेळ मिळत नाही. बाई असेल तर मुळीच नाही.

घरच्यांना “मदत करा” असं सांगू नका. मदत म्हणजे त्यांच्या मनात आलं तर. काम नाव घालून द्या. आमच्या कॅलेंडरवर मंगळवार आणि गुरुवारच्या संध्याकाळच्या पोळ्यांपुढे नवऱ्याचं नाव लिहिलेलं असायचं. पहिला महिना पोळ्या इतक्या कडक होत्या की तर्रीत बुडवून खाल्ल्या. मी मात्र स्वयंपाकघरात डोकावले नाही. डोकावलं असतं तर ते काम पुन्हा माझ्याच गळ्यात पडलं असतं. नोकरदार पुरुषांची अडचण वेगळी असते. त्यांना घरात वेळ सहज मिळतो, पण मित्रांत सांगायला लाज वाटते. सांगून टाका, दोन दिवस चेष्टा होते.

वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर काट मारण्याचे दिवस आधीच मारून ठेवा. पोळा, मारबत, महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी, आणि मग लग्नसराई. नागपुरात पाहुणे संत्र्याच्या मोसमात येतात आणि उन्हाळ्यात आपण जातो. जे दिवस जाणारच आहेत ते धरून उरलेल्यात हिशेब बसवा, म्हणजे दर वेळी अपराधी वाटत नाही.

बसायला जागा घराबाहेर शोधा. बर्डीवर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, मराठीवाल्यांनी तिथे पाय ठेवलाच पाहिजे. शहरात अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण त्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात आणि तिथली शांतता फार ताणलेली वाटते. मला साधं वाचनालयच मानवलं.

हात आणि डोळे

याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षांत आपण सही आणि वाणसामानाची यादी सोडून काही लिहिलेलं नसतं. पहिल्या परीक्षेत पाऊण तासात माझा अंगठा आखडला आणि तिसऱ्या प्रश्नाला मी हात झटकत बसले. येत असलेलं वीस मार्कांचं उत्तर लिहायचं राहिलं. म्हणून प्रवेशाच्या दिवसापासून रोज एक पान हातानं लिहा, काहीही लिहा. परीक्षेआधी महिनाभर दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन पूर्ण तीन तास, घड्याळ लावून, न उठता. पेन बदलून पाहा. जाड पकडीचं जेल पेन मला सोसलं. चष्म्याचा नंबर प्रवेशाआधीच तपासून घ्या. पुस्तक आणि फळा यांच्यात मान खाली-वर करून डोकं दुखतं ते बहुतेकदा अभ्यासानं नसतं.

वाचायच्या पद्धतीतही आपला एक दोष असतो. आपण गोष्टीसारखं, पहिल्या पानापासून वाचतो. आधी अभ्यासक्रम, मग मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मग पुस्तक, असा उलटा क्रम ठेवा. इग्नूची सगळी पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’ संकेतस्थळावर फुकट आहेत, दुसऱ्या विद्यापीठात शिकत असलात तरी वाचा. ‘स्वयम्’वरचे व्हिडिओ अभ्यासक्रमही मोफत आहेत.

वर्गात

फाटकावरचा चौकीदार पहिल्या दिवशी विचारणार, “मुलीची अ‍ॅडमिशन का, बाई?” ओळखपत्र गळ्यात घाला, विषय संपला. प्राध्यापक तुमच्यापेक्षा लहान असतील. त्यांना सर-मॅडमच म्हणा, अरे-तुरे किंवा “बेटा” नको. मुलं काकू म्हणतील. मी पहिल्याच आठवड्यात ‘ताई’ म्हणायला सांगितलं, निम्म्यांनी ऐकलं.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. शिक्षकांनी प्रश्न विचारला की उत्तर मीच द्यायचे. अनुभव होता, आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षं साठलेली हौसही होती. महिनाभरानं एका मुलीनं हळूच सांगितलं, “ताई, तुम्ही बोलल्या की आम्ही बोलतच नाही.” तेव्हापासून दोन प्रश्नांनंतर मी गप्प बसते. तसंच वर्गाची आई होऊ नका. डबा वाटणं ठीक आहे, पण कुणाचा स्वाध्याय लिहून देणं, कुणाच्या घरी फोन करून समजावणं, हे अंगावर घेतलं की बारा तासांतले चार तिकडे जातात. त्या बदल्यात त्यांच्याकडून शिका. स्लाइड कशा करायच्या, गूगल फॉर्म कसा भरायचा, पीडीएफ लहान कशी करायची, हे मला एका वीस वर्षांच्या मुलानं चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत शिकवलं.

परीक्षा

नागपूर विद्यापीठात परीक्षांना उन्हाळी आणि हिवाळी म्हणतात, आणि दोन्ही नावं अगदी सार्थ आहेत. उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेच्या झळांत गाठते. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दुपारचा पेपर असेल तर बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं, पाण्याची पारदर्शक बाटली आणि ओआरएसचं पाकीट सोबत ठेवावं, आणि दुचाकीऐवजी मेट्रो किंवा शेअर ऑटोनं जावं. कुलरचा वर्ग मिळेल या आशेवर राहू नका. शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ या बाजूची केंद्रं अ‍ॅक्वा मार्गावर सोपी पडतात. मानेवाड्यासारख्या भागातून मेट्रो स्टेशन गाठायलाच वेळ लागतो, तो धरून निघा.

हिवाळी परीक्षेचा शत्रू वेगळा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं आणि बर्डी, झिरो माइल, सिव्हिल लाइन्स भागात मोर्चे आणि बंद रस्ते असतात. इग्नूच्याही एका सत्राच्या परीक्षा डिसेंबरात येतात. केंद्र त्या बाजूला आलं तर नेहमीपेक्षा तासभर आधी घर सोडा आणि आदल्या दिवशी केंद्र प्रत्यक्ष बघून या. हॉल तिकीट ऑनलाइन येतं. आल्याबरोबर त्यावरचे विषय, त्यांचे कोड आणि नाव तपासा. चूक असेल तर लगेच, लेखी, पोच घेऊन कळवा. मार्कशीट छापून आल्यावर दुरुस्तीला महिने लागतात.

एखादा विषय राहिला तर तो पुढच्या सत्रात काढता येतो. माझा अर्थशास्त्राचा एक पेपर राहिला होता. घरी सांगायला दोन दिवस लावले, सांगितलं तर मुलगा म्हणाला, “माझे दोन राहिले होते, मी तर तुला सांगितलंच नाही.”

सगळे विषय निघाले की गुणपत्रकावर थांबू नका. पदवी प्रमाणपत्रासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज आणि शुल्क असतं आणि मुदत जाहीर होते. तो अर्ज भरताना नावाच्या रकान्यापाशी थांबा, मार्कशीट आणि राजपत्र शेजारी ठेवा, आणि स्पेलिंग घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचायला सांगा. माझं नवऱ्यानं वाचलं. तो जास्तीचा ‘ए’ पुन्हा आला होता.